मातीचा बैल एकच, अन् पोळ्याला पन्नास पाहिजेत: साचा कसा घ्यायचा

भाऊ, तुझा प्रश्न दोनदा वाचला. तू तेलाच्या मातीत, म्हणजे प्लास्टिसिनमध्ये, फूटभर लांबीचा उभा बैल केला. तान्ह्या पोळ्यासाठी त्याचे पन्नासेक नग काढायचे म्हणून तो डब्यात ठेवून वरून पीओपी ओतलं, आणि उघडून पाहिलं तर कान चपटे, एक शिंग साच्यातच मोडलेलं, पाठीवर बुडबुड्यांचे खड्डे. आता बैल परत नीट केला आहे आणि विचारतो आहेस की असा साचा कसा घेऊ जो परत परत वापरता येईल आणि मऊ मातीचा बैलही सलामत राहील.

तर ते सलामत राहण्याचं पहिले डोक्यातून काढून टाक. मऊ माती साच्यातून निघताना खराब होतेच, माझ्याकडे 28 वर्षात दोन-चार वेळाच अख्खी निघाली असेल, तीही साधी कामं होती. माती नाही वाचवायची, तिच्यावरचा आकार वाचवायचा. आणि म्हणून माझं म्हणणं असं की मऊ मातीवरून थेट पन्नास नगांचा साचा घेऊच नको, मधे एक पायरी घाल. मातीवरून आधी एकदाच वापरायचा पीओपीचा साचा घे, आपण त्याला वेस्ट मोल्ड म्हणतो, त्यातून एक टणक बैल काढ, त्याला घासून-पुसून एकदम चोख कर, तो झाला मास्टर, आणि मग त्या मास्टरवरून रबराचा साचा घे. लोक म्हणतात डबल काम कशाला. अरे रबर फाटलं, उंदरानं कुरतडलं, शेजाऱ्यानं मागून नेलं अन् परत नाही दिलं, तं मास्टर घरात आहे ना, चार दिवसात दुसरा साचा तयार. थेट मातीवरून घेतला असता तं बैल परत पहिल्यापासून करत बसावं लागलं असतं.

तुझं काय चुकलं ते आधी सांगतो, कारण तिन्ही गोष्टी पुढेही आडव्या येतील. एक म्हणजे वजन. ओलं पीओपी जड राहते, एकदम ओतलं की मऊ कान दबणारच. दुसरं, पीओपी घट्ट होताना गरम होते, जाड थर असला तर चांगलंच गरम, आणि तेलाची माती गरमीनं लोण्यासारखी होते, आपल्याकडे मे महिन्यात तर पीओपी लागायच्या आधीच अर्धी लोणी झालेली असते. तिसरं, अडकण. कडक साचा कडक वस्तूवरून सरळच ओढून निघतो, आणि बैलाची शिंगं, कानामागची खाच, गळ्याखालची पोळी, चार पायांच्या मधलं पोट, सगळं अडकणीचंच आहे. बसलेला नंदी केला असता तं निम्मी कटकट वाचली असती, पण पोरांना चाकावर ओढायचा बैल उभाच लागते, ते मला मान्य आहे.

आता वेस्ट मोल्ड. आदल्या रात्री बैल थंड जागी ठेव, फ्रिजमध्ये मावत असला तं फ्रिजमध्ये, पहाटे काम सुरू कर. शिंगं आणि कान बैलापासून वेगळे काप, त्यांचा वेगळा छोटा साचा होईल. कापलेल्या जागी मातीत छोटा खोलगट खड्डा कर, म्हणजे पुढे शिंगाचा खुंटा तिथे बसेल. मग बैलाच्या पाठीच्या कण्यावरून, कपाळावरून, नाकाच्या मधून, गळ्याखालून आणि मागे शेपटीच्या बाजूनं एक रेघ ओढ. ह्या रेघेवर पत्र्याच्या पट्ट्या खोचायच्या. पितळी पत्रा मिळाला तं उत्तम, मी जुन्या एक्सरे फिल्मच्या पट्ट्या वापरतो, इंचभर रुंद, अर्धा सेंटीमीटर मातीत जाईल इतक्याच. कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्राही चालते, फक्त हात कापते. मधेमधे एखादी पट्टी व्हीसारखी मोडून लाव, त्यानंच दोन तुकडे पुढे जागेवर बसतात. पोटाखाली पायांच्या मधला तिसरा तुकडा वेगळा कर, म्हणजे डावा, उजवा आणि पोटाचा असे तीन.

पीओपी कसं कालवायचं हे वाचून येत नाही, पण सांगतो. पाण्यात पीओपी टाकायचं, पीओपीत पाणी नाही. एक लिटर पाण्याला साधारण 1.4 किलो. मुठीनं भुरभुरत टाकत जा, पाण्याच्या वर कोरडी बेटं दिसायला लागली की थांब, मिनिटभर भिजू दे, आणि मग हात तळाशी ठेवून हळू ढवळ. वर फेटलं की हवा आत जाते, तेच तुझे पाठीवरचे खड्डे. आणि घट्ट व्हायला लागलेल्या पीओपीत नंतर पाणी घालून पातळ करायचं नाही, ते मेलेलं पीओपी, साचा खडूसारखा भुरभुरतो.

इथे आपल्या भागाची एक गोष्ट, जी पुस्तकवाले सांगत नाहीत. मी दर्यापूरकडे, खारपाणपट्ट्यात राहतो. आमच्या बोअरचं पाणी खारट, आणि मीठ असलं की पीओपी लवकर घट्ट होते. सुरुवातीला मला कळेचना की नागपूरला चितार ओळीत ज्या मापानं कारागीर आरामात काम करतात त्याच मापानं माझं पीओपी घमेल्यातच दगड काऊन होते. शिवाय साचा वाळला की वर पांढरं मीठ फुटते ते वेगळंच. तेव्हापासून साच्याला पावसाचं नाहीतर फिल्टरचंच पाणी. तू आर्णीकडचा आहेस, तुझं पाणी गोड असेल, तरी वाटीभर कालवून घड्याळ लावून पाह्य. वेळ वाढवायचा असला तं पाण्यात थोडासा लिंबाचा रस टाक, थोडासाच. आणि पावसाळ्यात उघडं राहिलेलं पोतं वापरू नको, ते हवेतलं पाणी आधीच पिऊन बसलेलं राहते.

पहिला थर पातळ, आणि त्यात कपड्याची नीळ टाक, चिमूटभर. हा निळा थर ओतायचा नाही, बोटांनी शिंपडायचा, जसं अंगणात सडा टाकतो तसा पण बारीक, आणि खाचेत तोंडानं फुंकून पोचवायचा. अर्धा सेंटीमीटर झाला की तो घट्ट होऊ दे, मग पांढरं पीओपी, दोन सेंटीमीटरपर्यंत, आणि बाहेरून बारदान्याच्या पट्ट्या पीओपीत बुडवून लाव म्हणजे साचा तडकणार नाही. असं थराथरानं केलं की वजनही एकदम येत नाही आणि गरमीही कमी होते. निळीचं कारण पुढे कळेल.

तासाभरानं पत्र्याच्या रेघेवर थोडं पाणी सोड, पातळ पटाशी हलकेच घाल, तुकडे सुटतात. आतली माती काढून घे, ती फेकू नको, महाग राहते. साचा धुऊन साबणाचं दाट पाणी ब्रशनं तीनदा लाव, दर वेळी फेस पुसून घे, शेवटी पृष्ठभाग ओल्या नखासारखा चकाकला पाहिजे. तुकडे सुतळीनं आवळून बांध, सांध्यांना बाहेरून माती लाव, पायात जीआय तार टाक, साधी लोखंडी तार पीओपीत गंजते आणि वर पिवळा डाग येते, आणि मग पायाकडून पीओपी ओत. दुसऱ्या दिवशी बोथट पटाशी आणि लाकडी हातोडीनं साचा फोडायचा. पांढरं असेल तोवर बिनधास्त ठोक. निळा दिसला की हात आवर, आता बैल अर्ध्या सेंटीमीटरवर आहे. कित्येक लोकं निळीला आळस करतात आणि मग बैलाच्या नाकाचा टवका उडवून बसतात.

हा बैल सावलीत आठ दिवस वाळू दे. मग तुटलेलं भर, पॉलिश पेपर मार, वशिंडाची गोलाई मनासारखी कर, डोळे खोल कर. मऊ मातीत जे जमत नाही ते टणक पीओपीत जमते, झुलीची किनार, घुंगराचा पट्टा वगैरे बारीक काम तर मी मातीत करतच नाही, इथेच करतो. सगळं झालं की लाखेचं पॉलिश, म्हणजे चपडा स्पिरिटमध्ये विरघळवलेला, दोन हात. त्यावर मेणाच्या पॉलिशचा एकदम पातळ हात. झाला मास्टर.

रबराकडे येऊ. बाजारात सिलिकॉन रबर दोन प्रकारचं येते. एकात किलोला थोडंसं हार्डनर पडते, शंभराला दोन ते चार ग्रॅम, डब्यावर लिहिलेलं राहते, ते टिनवालं. दुसरं बहुतेक वेळा सारख्या मापाचं, अर्धं-अर्धं, ते प्लॅटिनमवालं. प्लॅटिनमवालं आकसत नाही, जास्त टिकते, पण ते लय नखरेल. गंधक लागलं की ते घट्टच होत नाही, आणि तेलाच्या बऱ्याच मातीत गंधक राहते. मी स्वतः गाडगेबाबांचा अर्धपुतळा केला होता, दाढीवर महिनाभर मेहनत, आणि घाईत मातीवर थेट प्लॅटिनमवालं रबर लावलं. दुसऱ्या दिवशी वरून घट्ट आणि आतून गुळाच्या पाकासारखं चिकट. ते पुसता पुसता दाढी सगळी गेली. बाप्पा, त्या दिवशी जेवलो नाही. तेव्हापासून मधे मास्टर घालायची सवय लागली, आणि कोणत्याही नवीन मातीवर, रंगावर, पॉलिशवर आधी पाठीमागे रुपयाएवढा ठिपका लावून रात्रभर ठेवतो. तुला मी टिनवालंच सांगेन, पहिल्या कामाला ते माफ करते.

किती लागेल ते असं काढ. बैलावर वर्तमानपत्राचे तुकडे चिकटव, मग काढून चौकोनात मांडून क्षेत्रफळ मोज. समज 1500 चौरस सेंटीमीटर आलं आणि जाडी 6 मिलिमीटर धरली, तं 900 घन सेंटीमीटर, म्हणजे वाया जाणारं धरून किलोच्या थोडं वर. अख्खा बैल डब्यात ठेवून ओतला तं ह्याच्या तीन-चार पट जाईल, आणि जाड ठोकळा साचा बैलावरून उलटवून निघणारही नाही. म्हणून ब्रशचा साचा.

डिजिटल काट्यावर मोज, अंदाजपंचे नाही. हार्डनर जास्त झालं तं रबर लवकर घट्ट होते पण पुढे ठिसूळ पडते. आपल्या उन्हाळ्यात मुळातच वेळ अर्ध्यावर येते, म्हणून एका वेळी 200 ग्रॅमच कालव, आणि दुपारी कालवूच नको. पहिला थर पातळ, मऊ ब्रशनं टोचत टोचत प्रत्येक खाचेत, बुडबुडा दिसला की फोड. तो बोटाला चिकटतो पण बोटावर येत नाही, अशा अवस्थेला आला की दुसरा थर. तिसऱ्या थरात दवाखान्याच्या जाळीच्या पट्टीचे छोटे तुकडे दाब, पहिल्या थरात अजिबात नको, जाळीचा ठसा मूर्तीवर येते. एकूण चार थर धर. शेवटी बाहेरच्या बाजूनं ज्या खाचा उरल्या, गळ्याखाली, मांडीच्या मागे, त्या रबराच्याच कात्रणांनी भरून गोल कर. आतली अडकण रबर सांभाळते, बाहेरची मात्र वरच्या पीओपीच्या कवचाला अडकवते. तसंच बाहेरून रबराचे पाच-सहा छोटे ठोकळे चिकटव, कवचात रबर जागेवर बसायला. सिलिकॉनला सिलिकॉनशिवाय काही चिकटत नाही, हे पक्कं लक्षात ठेव, फेविकॉलचे प्रयोग करू नको.

कवच म्हणजे बाहेरचा कडक साचा. रबर नुसतं मोज्यासारखं लोंबते, त्याला आकारात धरायला हे लागते. पीओपी आणि बारदाना, डावा-उजवा आणि पोटाचा, तसेच तीन तुकडे. आधी डावा कर, त्याच्या कडेला पाच रुपयाच्या नाण्यानं गोल खड्डे फिरव, कडेला साबण नाहीतर व्हॅसलीन लाव, मग उजवा. साबण विसरला तं दोन्ही तुकडे जन्माचे चिकटले समज. कवचाला बोल्ट घालायला भोकं पाड, सुतळीवर भरवसा नको.

चोवीस तासांनी कवच काढ आणि रबर काप. कापायची जागा पोटाखालून आणि चारही पायांच्या आतल्या बाजूनं, जिथे जोड कोणाला दिसणार नाही. ब्लेड नवीन आणि काप सरळ नको, नागमोडी, म्हणजे परत बसवताना दात दातात बसतात. पाठीवरून कापणारे पाहिले मी, मग प्रत्येक बैलाच्या पाठीवर रेघ घासत बसतात.

ओतताना बैल उलटा, पाय वर. चार पायांची चार तोंडं आहेत, एकातून ओत, बाकी तिघांतून हवा निघेल. पण उलटं केल्यावर पोट वरच्या बाजूला येते आणि तिथे हवा कोंडून बसते, पोटाला हमखास पोकळी. पोटाच्या मधोमध रबरात छोटं भोक पाडून त्यात कोल्ड्रिंकची नळी बसव, कवचातून बाहेर काढ, हवा तिथून जाईल. आधी थोडं पीओपी टाकून साचा गोल गोल फिरव, तोंड आणि वशिंड ओलं होऊ दे, मग भर. पीओपी घट्ट होऊन गरम झालं, परत गार झालं, की काढ. गरम असताना ओढला की पाय मोडते. शिंगं-कान वेगळ्या छोट्या ठोकळ्या साच्यात ओत, खुंट्याला तार ठेव, मागून बसव. खरं सांगू तं शिंगं मी सुताराकडून लाकडाचीच करून घेतो, तान्ह्या पोळ्याचा बैल मुळात लाकडाचाच, आणि पोरं पहिले शिंगच मोडतात.

पीओपी ओतत असशील तं असा एक साचा माझ्याकडे शंभरावर नग देतो. रेझिन ओतलं, फायबरवालं पॉलिस्टर, तं रबर लवकर कोरडं पडून चिरते, त्याच्या निम्मेही धरू नको. आणि रेझिनचं एक, हे हसण्यावारी नेऊ नको: रेझिन लवकर घट्ट करणारं जांभळं कोबाल्ट आणि पाण्यासारखं दिसणारं एमईकेपी हार्डनर कधीही एकमेकांत थेट टाकायचं नाही, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर. घरात, लहान पोरं असलेल्या ठिकाणी तर करूच नको, वासानंही डोकं फिरते.

तू शेवटी विचारलं की मातीचेच बैल काढता येतील का, म्हणजे विसर्जनाचा प्रश्न नको. येतात, आणि माझ्या मते गणपतीसारखं पाण्यात सोडायचं काम असलं तं मातीच पाहिजे, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2020 मध्ये सूचना काढल्या त्यात पीओपीच्या मूर्तीला मनाईच केली होती. पण त्याला रबराचा साचा उपयोगाचा नाही, कारण रबर पाणी पीत नाही, शाडू आत तसाच ओला बसून राहते. त्याला पीओपीचाच साचा, मास्टरवरून, अडकण टाळत पाच-सहा तुकड्यांचा. पीओपी शाडूतलं पाणी ओढते, माती आकसून आपोआप सुटते. त्यात आतून तेल, लाख, व्हॅसलीन काही लावायचं नाही, नाहीतर पाणी ओढायचं बंद. साचा करताना जो साबण लागला तोही धुऊन काढ. सेंटीमीटरभर जाड पोळी दाबत जा, कडा खरवडून शाडूचाच रबडा लावून जोड. बैल वाळल्यावर लहान होईल, मातीप्रमाणे शेकडा पाच ते दहा, म्हणून ज्याला फूटभर बैल मातीत पाहिजे त्यानं मास्टरच मोठा केला पाहिजे. साचे दोन ठेव, एक वापरात आणि एक सावलीत वाळत. चुलीजवळ वाळवू नको, पीओपी जास्त तापलं की परत भुसभुशीत होते. पण उभ्या बैलाचे मातीचे बारीक पाय पोरांच्या हातात तासभरही टिकणार नाहीत, म्हणून तुझ्या कामाला मी पीओपीच सांगतो, चाकाच्या पाटावर बसवलेला, जो वर्षभर कपाटावर राहते आणि कोणी नदीत सोडत नाही.

रबराचा साचा ठेवताना कवचात बसवून, आत एक बैल तसाच ठेवून ठेव. घडी घालून ठेवला तं वाकडा होते आणि तो वाक जात नाही. माझा एक सोयाबीनच्या पोत्यांमागे राहिला होता, उंदरांनी मागचा पाय खाल्ला, म्हणून आता पत्र्याच्या पेटीत.

दिवसांचं पाहून घे. पोळा श्रावण अमावस्येला आणि तान्हा पोळा दुसऱ्या दिवशी. पाऊस लागला की मास्टर वाळायला आठाचे पंधरा दिवस लागतात, पन्नास बैल वाळवायला जागा लागते, रंग ओल्या पीओपीवर बसत नाही. आखाडीपर्यंत मास्टर हातात पाहिजे. म्हणजे शिंगं आजच काप, मातीच्या आत तार असेल तं पक्कड घे, सुरीनं ओढशील तर मानही वाकडी होईल.